आजारपणांतील हजेरी

शिकलेल्या माणसाचा एक चमत्कारिक स्वभाव आमच्या पाहण्यांत वारंवार येतो. घरच्या गड्यास ताप आला तर "उद्यां येऊं नकोस" असें सांगणारा वकील, डॉक्टर वा शिक्षक, स्वतःस ताप आला असतां मात्र गोळी घेऊन कामावर जातो. हें असें कां व्हावें?

वकिलाचें व खासगी डॉक्टराचें दार बंद म्हणजे मिळकत बंद, हें उघडच आहे. परंतु पगारी नोकराचें काय? महाराष्ट्रांतील सरकारी नोकरास १९८१ च्या रजा-नियमांप्रमाणें वर्षाकाठीं २० दिवसांची अर्धपगारी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर तिच्या निम्मे दिवस पूर्ण पगारानेंहि घेतां येतात. तरीहि तो येतो. कारण रजा मिळते, पण बदली माणूस मिळत नाहीं. शिक्षक न आल्यास दोन वर्ग एकत्र कोंबावे लागतात. वकील न आल्यास पक्षकाराची तारीख पुढें जाते. आपल्या विश्रांतीचें मोल दुसऱ्यानें द्यावें, ही टोंचणी सज्जनास स्वस्थ पडूं देत नाहीं.

या वृत्तीचें उदात्त रूप सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या ठायीं दिसलें. १९३८ मध्यें ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले. अपस्माराचे झटके येत असतांहि त्यांनीं रुग्णसेवा सोडली नाहीं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. पण ती रणभूमि होती. शांततेच्या काळांतील कचेरीनें तोच दंडक लावणें न्याय्य नव्हे. शिवाय त्यांचा रोग सांसर्गिक नव्हता. इन्फ्लुएन्झाचा रोगी लक्षणें दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढें पांचसात दिवस इतरांस रोग देऊं शकतो. कर्तव्य म्हणून तापांत वर्गावर आलेला शिक्षक मुलांबरोबर तो घरोघर पाठवीत असतो.

यावर तोड आमच्या परंपरेंतच आहे. औंढा नागनाथासारख्या क्षेत्रीं राहणाऱ्या आम्हांस देवालयांची रीत परिचित आहे: पूजकास सुतक आलें म्हणजे तो गाभाऱ्याबाहेर राहतो व दुसरा पूजा करतो. आजारी व्रतस्थास प्रतिनिधि नेमण्याची मुभा धर्मशास्त्रानेंहि दिली आहे. कर्म अखंड चालावें, पण कर्त्यास थांबतां यावें, अशी ही योजना. शाळा, कचेरी व दवाखाना चालविणाऱ्यांनीं प्रत्येक कामास दुसरा जाणता माणूस आधींच तयार ठेवावा.

तोंपर्यंत सुज्ञ वाचकांनीं एवढें तरी करावें: आजारी सहकाऱ्याचें काम एक दिवस आपल्या अंगावर घ्यावें, आणि आपली पाळी आली असतां निःसंकोच अंथरूण धरावें.