कामावरचा दमा : पाच गैरसमज

गोखिवरे, वालीव, सातिवली या वसई पूर्वेच्या पट्ट्यात छोट्या कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून आहेत. वेल्डिंगचा धूर, लाकडाचा भुसा, रंगाचा फवारा, यांपैकी कशानेही दमा जडू शकतो.

गैरसमज : दमा घराण्यातूनच येतो.
वस्तुस्थिती : प्रौढांना होणाऱ्या दम्यात साधारण सहापैकी एकाच्या आजारात कामाचा वाटा असतो, असा जागतिक अंदाज आहे.

गैरसमज : इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?
वस्तुस्थिती : ॲलर्जी तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी वर्षंही. टू-पॅक पीयू रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली, की पुढे त्याचा अंशही धाप लागायला पुरतो.

गैरसमज : खोकला रात्री घरी येतो, कारखान्याचा काय संबंध?
वस्तुस्थिती : त्रास कित्येकदा शिफ्ट संपल्यावर काही तासांनी सुरू होतो. साप्ताहिक सुट्टीत किंवा गणपतीला गावी गेल्यावर बरं वाटतं का, हे आठवून पाहा.

गैरसमज : रुमाल बांधला, पंप घेतला की भागलं.
वस्तुस्थिती : रुमालातून वाफ आरपार जाते. पंपाची सवय लागत नाही, तो जरूर घ्यावा. पण ॲलर्जीचं कारण रोज छातीत जात राहिलं, तर दमा बळावतच जातो. वेळीच त्यापासून दूर झालेल्यांपैकीही साधारण एकतृतीयांशच पूर्ण बरे होतात.

गैरसमज : त्रास होतोय ना, मग नोकरी सोडून मोकळं व्हावं.
वस्तुस्थिती : आधी निदान पक्कं करा. पीक फ्लो मीटर या छोट्या नळीत जोरात फुंकर मारायची, तीनदा. सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दिवसातून चार वेळा, काही आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीतही. नोकरी सोडल्यावर हा फरक टिपता येत नाही, आणि भरपाईचा दावाही लंगडा पडतो. मात्र धाप फार लागत असेल, तर नोंदींसाठी थांबू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

कामामुळे झालेला दमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. ईएसआय कार्ड असलेल्या कामगाराला उपचार तर मिळतातच, शिवाय आजार कामामुळेच झाल्याचं मान्य झालं, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कमही मिळते. मालकाने त्याच कारखान्यात दुसरं काम दिलं, तर छातीही सांभाळली जाते आणि पगारही. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट न पाहता आपण काम काय करतो ते सांगा, आणि केसपेपरवर लिहूनच घ्या.