एए मीटिंग मोबाईलवर कशी शोधायची?

मागच्या महिन्यात रात्री अकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, दारू सोडायचीये. ती एएची मीटिंग कुठे असते, बघ ना. पण घरी कळू देऊ नकोस."

मी गूगलवर 'दारू कशी सोडावी' टाकलं. वर सगळ्या जाहिराती! एका नंबरवर फोन लावला, तर समोरच्याने आधी पॅकेजचा रेटच सांगितला. निकालावर 'प्रायोजित' दिसलं की खाली सरका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एए, फी घेत नाही आणि पूर्ण नावही विचारत नाही.

म्हणून पूर्ण नाव आणि पुढे 'इंडिया' टाकून शोधा आणि एएच्या अधिकृत साइटवरूनच हेल्पलाइन घ्या. निघण्याआधी फोन करून वेळ, भाषा आणि मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' हे विचारा. क्लोज्डमध्ये फक्त दारू सोडू इच्छिणारेच बसतात. ओपनला सोबत कुणी आलं तरी चालतं.

शोधताना इन्कॉग्निटो टॅब वापरा, म्हणजे फोनच्या हिस्ट्रीत काही राहत नाही. भाऊ आधी झूमवर बसणार होता. अकाउंट ऑफिसचं, त्यामुळे आडनावासकट नाव दिसलं असतं! जॉइन होण्याआधी ते बदला, कॅमेरा बंद ठेवा.

एक गोष्ट मात्र अ‍ॅपवर सोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 टोल-फ्री आहे.

भावाचा पहिला फोन मीच लावून दिला. बोलला तो.