‘हॅज बीन’ म्हणजे झालं, पण नेमकं काय झालं? दुकानदारासाठी ‘बीन’चा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण पार्टीला मेसेज कसा लिहायचा ते बघितलं. त्यात ‘हॅज बीन’ दोन-तीनदा आलं आणि मी तसाच पुढे गेलो. तसं करायला नको होतं, कारण ह्याच शब्दांच्या नादात माझे स्वतःचे पैसे गेलेत. म्हणून आज फक्त ‘बीन’.

आधी पैसे कसे गेले ते सांगतो. भर पावसाळा होता. पोफळीत पाऊस लागला की रेंजचा भरवसा नसतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुंभार्ली घाट उतरून आलेला एक गाडीवाला दुकानात शिरला. वायरचं बंडल, होल्डर, टेप, दोन बॅटऱ्या असं साधारण साडेतीन हजारांचं सामान त्याने घेतलं. क्यूआर स्कॅन केला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर होतं, ‘युवर पेमेंट इज बीइंग प्रोसेस्ड’. मी ‘पेमेंट’ वाचलं, ‘प्रोसेस्ड’ वाचलं आणि मधलं ‘इज बीइंग’ सरळ गिळून टाकलं. साउंडबॉक्स बोलला नाही तेव्हा म्हटलं, रेंज नसेल. सामान दिलं, वर ‘सावकाश जा दादा’ असंही म्हणालो. ते पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. तो फसवायला आला होता की त्याचं पेमेंट खरंच फेल झालं, मला माहीत नाही. पण स्क्रीन खोटं बोलत नव्हती. बीबीएची तीन वर्षं इंग्रजीत पेपर लिहिलेल्या माणसाला तीन शब्द नीट वाचता आले नाहीत, एवढंच.

आता मुद्द्याकडे येऊ. ‘बी’ ह्या क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे ‘बीन’. ते एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी हॅज, हॅव किंवा हॅड लागतंच. आणि ‘बीन’ वेगळं, ‘बीइंग’ वेगळं. बोलताना दोन्ही सारखी वाटतात, पण अर्थात झालेलं आणि चालू असलेलं एवढा फरक आहे.

‘विल बी पेड’ म्हणजे पैसे दिले जाणार आहेत. ‘इज बीइंग पेड’ म्हणजे देण्याचं काम आत्ता चालू आहे. ‘हॅज बीन पेड’ म्हणजे दिले गेले. सरकारी मराठीत ‘करण्यात येईल’, ‘करण्यात येत आहे’ आणि ‘करण्यात आले आहे’ असं आपण वाचतो ना, तेच हे.

आपल्या भागात हा फरक नुसता पैशांपुरता नाही. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येतं, तिथून पुढे कोळकेवाडीला आणि शेवटी वाशिष्ठीला जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जो पूर आला त्यात बाजारपेठेतल्या दुकानदारांचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून पावसाळ्यात पाण्याचे मेसेज भराभर फिरतात, त्यात इंग्रजीही असतात. ‘वॉटर विल बी रिलीज्ड’ लिहिलं असेल तर माल वर चढवायला थोडा वेळ आहे. ‘हॅज बीन रिलीज्ड’ असेल तर पाणी सुटलेलं आहे, मालाचं नंतर बघा, आधी स्वतः वर जा. असा मेसेज पुढे पाठवताना काळ बदलला तर बातमीच बदलते. आणि असा मेसेज खरा का खोटा, ते प्रशासनाच्या अधिकृत सूचनेशी पडताळूनच ठरवा.

आता आपली एक खास मराठी खोड. आपण घरातून निघायच्या आधीच फोनवर म्हणतो, ‘आलो, आलो’. पार्टीने माल मागितला की म्हणतो, ‘पाठवलाच समजा’. पैशांचा तगादा आला की ‘झालं तुमचं काम’. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा. समोरचाही मराठी असतो, त्याला कळतं की ‘आलोच’ म्हणजे अजून अर्धा तास. भांडण होत नाही. पण हेच वाक्य इंग्रजीत टाईप करताना आपण शब्दाला शब्द लावतो, आणि ‘पाठवलाच समजा’चं ‘मटेरियल हॅज बीन सेंट’ होतं. आता ते लेखी झालं. समोरचा ट्रान्सपोर्टची पावती मागतो, आपल्याकडे ती नसते, आणि आपण खोटे ठरतो.

हेही माझंच उदाहरण. पुण्याच्या एका होलसेलरला मी लिहिलं होतं, ‘पेमेंट हॅज बीन डन’. मनात होतं की संध्याकाळी करतो. त्याने लगेच यूटीआर नंबर मागितला. मी चार वाजेपर्यंत फोन उचलला नाही. पैसे त्याच दिवशी गेले, पण पुढची तीन बिलं त्याने ॲडव्हान्स घेतल्याशिवाय काढली नाहीत. माझी दानत खराब नव्हती, इंग्रजी चुकलं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? ‘विल बी डन बाय इव्हनिंग’ लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं.

दुसरा सापळा जास्त बारीक आहे. ‘हॅज बीन’ म्हणजे झालं, हे खरं. पण काय झालं, हे पुढचा शब्द सांगतो. ‘युवर रिफंड हॅज बीन इनिशिएटेड’ वाचून किती जण बँकेत बॅलन्स बघतात! ‘इनिशिएटेड’ म्हणजे सुरू केलं. झालंय ते फक्त सुरू करणं, पैसे अजून वाटेत आहेत. ‘कंप्लेंट हॅज बीन रजिस्टर्ड’ म्हणजे तक्रार नोंदली, सुटली नाही. ‘ऑर्डर हॅज बीन पॅक्ड’ म्हणजे खोक्यात गेली, गाडीत नाही. कंपन्यांना हे वाक्य आवडतं, कारण वाचणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि लिहिणारा खोटाही पडत नाही.

गिऱ्हाईक मेसेज दाखवतं, ‘युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड’. मेसेज खरा असू शकतो. पण डेबिट त्याच्या खात्यातून झालंय, तुमच्या खात्यात क्रेडिट झालं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. अशा वेळी हुज्जत घालू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. यूपीआयने खात्यातून पैसे कापले गेले आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटचं कन्फर्मेशन आलं नाही, तर ५ दिवसांत. त्यानंतर उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. हे शांतपणे समजावलं की गिऱ्हाईक कॅश काढतं किंवा दुसऱ्या ॲपने पैसे देतं.

‘हॅज बीन क्रेडिटेड’ मात्र आपल्या कामाचं. तरी मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या किंवा मर्चंट ॲपमध्ये एंट्री बघा, कारण मेसेज कोणीही बनवू शकतो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे येत नाहीयेत, जातायत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

उलट ‘विल बी डेबिटेड’ आला तर तो वाचून सोडून देऊ नका. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी असा मेसेज पाठवणं बंधनकारक आहे. ‘विल बी’ आहे तोवर थांबवता येतं.

‘बीन’चे बाकीचे उपयोग पटकन बघू. दुकान कधीपासून आहे हे सांगताना आपण म्हणतो, ‘आय ॲम रनिंग धिस शॉप सिन्स २०१४’. मराठीत ‘चालवतोय’ असतं म्हणून ‘ॲम’ तोंडात येतं. बरोबर वाक्य ‘आय हॅव बीन रनिंग धिस शॉप सिन्स २०१४’. सुरुवातीचं वर्ष किंवा वार सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. म्हणजे ‘फॉर टेन इयर्स’. चुकीचं बोललात तरी भारतात सगळ्यांना कळतं, त्यामुळे बोलताना घाबरू नका. बँकेच्या लोन अर्जात किंवा कंपनीला डीलरशिपसाठी लिहिताना तेवढं सांभाळा.

आणि एक गमतीचा फरक. मालक कुठेत असं फोनवर विचारलं आणि पोऱ्याने सांगितलं, ‘ही हॅज गॉन टू चिपळूण’, तर मालक गेलेत, अजून आलेले नाहीत. ‘ही हॅज बीन टू चिपळूण’ म्हणाला तर मालक चिपळूणला जाऊन आलेले आहेत. मग पुढचा प्रश्न येणार, ‘द्या जरा फोन त्यांच्याकडे!’

आता तुमच्यासाठी काम. मोबाईलमधले शेवटचे दहा बँकेचे आणि कुरिअरचे मेसेज उघडा. प्रत्येकात ‘विल बी’, ‘बीइंग’ की ‘बीन’ ते बघा आणि त्याच्या पुढचा शब्द वहीत मराठीत लिहा. दहापैकी किती मेसेजमध्ये काम खरंच पूर्ण झालंय, ते मोजा. माझ्या फोनमध्ये काल चार निघाले.