आभासी यंत्रातील जुनी राखीव जागा

१९८१ सालच्या आयबीएम पीसीला एक मेगाबाइटच स्मृती हाताळता येत असे आणि तीतील ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी सोडून वरचे ३८४ किलोबाइट पडद्याची चित्रस्मृती व बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारी कायमस्वरूपी आज्ञावली, यांच्यासाठी राखलेले होते. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या झेन प्रणालीच्या अर्ध-आभासी पद्धतीत सामान्य पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्रापुरती ही वरची जागा साधी, वापरण्याजोगी स्मृती असते. तरीही लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ती राखीवच ठेवतो, कारण त्याचेच कित्येक भाग विचारपूस न करता तेथे डोकावतात. यंत्राची ओळख सांगणारा तक्ता शोधणारा भाग, उदाहरणार्थ, शेवटचे ६४ किलोबाइट सोळा-सोळा बाइटच्या टप्प्यांनी चाळत जातो. गिगाबाइटच्या जमान्यात एवढी जागा सोडणे, प्रत्येक भाग दुरुस्त करत बसण्यापेक्षा, स्वस्तातच पडते.