रान ते रस्सा (भाग ९) : दहा घरांचं बकरं

धनगरांच्या लेंडीखताचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण इचलकरंजीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न मला गप्प बसू देईना. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. तिथं ओळखीच्या शेतकऱ्याकडून गाय-बैलाचं अर्धं जनावर एकदम विकत घ्यायचं आणि वर्षभर पुरवायचं, अशी पद्धत आहे. ताई विचारतात, आपल्याकडे असं थेट रानातून घेता येईल का?

आपल्याकडे गोवंशाचा प्रश्नच येत नाही. गायीची कत्तल 1976 च्या कायद्यानं आणि बैल-वळूंची 2015 पासून बंद आहे. पण ताई, बकऱ्या-मेंढ्यांच्या बाबतीत कोल्हापूर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. वर्गणी काढून आणलेल्या बकऱ्यातला आपला वाटा म्हणजे दुसरं काय?

फरक जनावराच्या आकारात आहे आणि बाकीचं सगळं त्यातून निघतं. तिकडचं जनावर साडेपाचशे किलोचं. हाडं-चरबी काढूनही दोनशे किलोच्या वर मांस निघतं. निम्मं घेतलं तरी शंभर किलो, म्हणून त्यांना पेटीएवढा फ्रीझर लागतो. आपलं बकरं पंचवीस किलोचं, त्यातून हाडासकट अकरा-बारा किलो मटण पडतं. एका घराला जास्त, दहा घरांना बेताचं. तेव्हा त्यांनी फ्रीझर घेतला, आपण गल्ली गोळा केली. बकरं सकाळी पडतं आणि संध्याकाळपर्यंत दहा चुलींवर संपतं.

आषाढात त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, पाणी वाहायचा दिवस आठवा. पी ढबाकच्या तालावर पंचगंगेचं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर जातं आणि इकडे गल्लीत वर्गणीच्या बकऱ्यांचे वाटे पडायला लागतात. खेड्यात म्हाईच्या जत्रेला हेच. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर भडकला तेव्हा बैठका झाल्या, आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली आणि शेवटी 520 रुपये किलोवर तडजोड झाली. त्या ताणाताणीत दुकानावाचून लोकांचं अडलं नाही, कारण बकरं आणून वाटे घालायची सवय अंगात मुरलेली होती.

वाटे घालण्याचं काम मला फार आवडतं. कितीही वेळा पाहिलं तरी मी तिथंच रेंगाळतो. ताडपत्री अंथरायची, तिच्यावर दहा ठिकाणी केळीच्या पानाचे तुकडे मांडायचे. खाटीक आधी फरे फोडतो. प्रत्येक पानावर फऱ्याचे दोन-तीन तुकडे. मग मांडी, मग सीना, मग चाप, मग गर्दन. नळ्या मोजून टाकायच्या. काळीज शेवटी, बोटाएवढ्या फोडी करून, कारण भांडण लागलं तर त्याच्यावरूनच लागतं. एखादं पान हलकं वाटलं की शेजारच्या पानावरचा तुकडा उचलून तिकडे. तराजू नंतर येतो आणि बहुतेक वेळा नजरेचंच बरोबर निघतं. सगळं झालं की एका पोराला पाठमोरं उभं करायचं. कुणीतरी एका पानावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पोरगं नाव घेतं. विषय संपला. ज्यानं वर्गणी उशिरा दिली आणि ज्यानं सगळ्यांच्या आधी दिली, दोघांना तोच न्याय. मुंडी, पाय, वजडी आणि रक्ती यांचे वाटे पडत नाहीत. ज्याला हवं तो थोडे जास्तीचे पैसे टाकून नेतो आणि ते पैसे खाटकाच्या मजुरीला लागतात.

आता पैशाचं. दात आणि कणा बघून पारख कशी करायची ते मागच्या भागात झालंच. सौदा जिवंत वजनावर असेल तर एकच गोष्ट ध्यानात ठेवा : निम्मं वजन जातं. म्हणून दुकानातल्या दराच्या निम्म्याच्या आत जिवंत किलोचा दर बसला तरच थेट घेण्यात फायदा. वजन सकाळी, चारापाणी घ्यायच्या आधी करा. भरल्या पोटाच्या बकऱ्यात तुम्ही पाल्याचे पैसे देता. उक्तं घेणार असाल तर हा प्रश्न नाही, पण मग डोळा तयार हवा. आषाढ आणि बकरी ईदच्या तोंडावर दर चढेच असतात, ते दिवस टाळा. ऊसतोडीनंतर मोकळ्या रानात मेंढरं बसायला येतात, तेव्हा धनगराशी ओळख करून ठेवावी. मेंढरू कुठं चरलं, काय खाल्लं हे तो स्वतः सांगतो. थेट घेण्याचा खरा लाभ मला तोच वाटतो, दोन पैसे वाचतात त्याहून मोठा.

एक काळजी मात्र घ्याच. दुकानात आपण फक्त तुकडे बघतो, इथं आख्खं जनावर समोर उघडतं. काळीज आणि फुफ्फुसं नीट बघून घ्या. पाण्यानं भरलेल्या फुग्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो भाग काढून टाका आणि कुत्र्याला चुकूनही घालू नका. खोल पुरा किंवा जाळा. त्या गाठींत एका जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर आणि आपल्या हातावर येतात आणि माणसाच्या काळजातही तशाच गाठी धरतात. गल्लीतली कुत्री ताडपत्रीभोवती घुटमळत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ताईंनी फ्रीजबद्दलही विचारलं आहे. तिकडे मांस दहा-पंधरा दिवस थंड खोलीत टांगून मुरवतात. वर चरबीचा जाड थर असतो, म्हणून ते चालतं. आपल्या बकऱ्याला चरबी पातळ, टांगलं तर वाळून जाईल. वाट्याचं मटण एक तर लगेच शिजवा, नाही तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग बर्फात घाला. कापल्या कापल्या बर्फात टाकलं तर ते आखडतं आणि कुकरच्या शिट्ट्या कितीही काढल्या तरी चिवट राहतं.

आणि पहिल्यांदाच वाटे घालणार असाल तर खाटकाला आधीच सांगून ठेवा की चाप वेगळे काढायचे नाहीत, सगळ्या पानांवर पडले पाहिजेत.