विद्यार्थिदशेतील वैद्यकीय संशोधन

दिल्लीच्या उत्तरेस टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. हे नाव मराठी वाचकास परके वाटू नये. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा येथे होता, त्यावरून ते पडले. २०१३ पासून या रुग्णालयास वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे.

अशा महाविद्यालयातील विद्यार्थ्यास पुष्कळदा वाटते की, संशोधन हे पदवीनंतरचे काम होय. इतिहास निराळे सांगतो. पाउल लांगरहान्स याने १८६९ साली, बर्लिन येथे शिकत असताना, आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजांचे वर्णन केले. त्यांचे कार्य आपणास उमगले नाही, हेही त्याने प्रांजळपणे नमूद केले. मधुमेहावरील इन्शुलिन याच पुंजांत तयार होते, हे ज्ञान पुढील पिढ्यांनी मिळविले.

मग संधी शोधावी कोठे? प्रथम आपल्याच रुग्णकक्षात. खोकला सुरू झाल्यापासून क्षयाची तपासणी होईपर्यंत रुग्णाचे किती दिवस जातात? मधुमेही रुग्णांपैकी किती जण रोज आपले पाय तपासतात? असा एकच लहान, मोजता येण्याजोगा प्रश्न वहीत लिहावा, त्यावर पूर्वी झालेले काम ग्रंथालयात वाचावे, आणि मगच अध्यापकाकडे जावे. ‘मला काही काम द्या’ असे म्हणणाऱ्यापेक्षा प्रश्न घेऊन येणाऱ्यास मार्गदर्शक लवकर लाभतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यावेतन योजना सुरू केली. तिची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे : स्वतःच्या महाविद्यालयातील मार्गदर्शक, दोन महिन्यांत पुरे होईल असे काम, आणि शेवटी लेखी अहवाल. म्हणून प्रश्न निवडतानाच कालावधीचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. रुग्ण हा वेदना घेऊन येतो. तो आपल्या अभ्यासाचे साधन नव्हे. नीतिसमितीची मान्यता मिळाल्यावाचून माहिती गोळा करू नये. रुग्णास त्याच्या भाषेत सर्व समजावून संमती घ्यावी, आणि नकार दिल्यास त्याच्या उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, याची खात्री द्यावी.

निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध निघाला, तरी तो जसाच्या तसा लिहावा. लांगरहान्सने जे पाहिले तेवढेच लिहिले, म्हणूनच ते पुढील संशोधकांच्या उपयोगी पडले.