उलार गाडी आणि वीस लिटरचा डबा

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर या बाजूच्या गावांत, ज्यांचे बालपण गेले त्यांना पाणी वाहून आणणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. विहिरीला पाणी आहे आणि तरीही ते पिण्याच्या उपयोगाचे नाही, या विपरीत अवस्थेमुळे गोडे पाणी दुरून आणणे ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होऊन बसली. त्याच वऱ्हाडातील हौशी मंडळी उन्हाळ्याच्या तोंडी एखादी जिप्सी किंवा थार घेऊन परतवाड्यावरून मेळघाटाच्या वाटेस लागतात, तेव्हा गाडीवर पाण्याचे, आणि पुष्कळदा पेट्रोलचेही, डबे चढतात. हे डबे कोठे ठेवावेत व कसे बांधावेत याविषयी जे समज रूढ आहेत त्यांतील बहुतेक चुकीचे आहेत. आणि नवल असे, की त्यांतील मुख्य चूक आपल्या जुन्या गाडीवानाने कधीच केली नसती. बैलगाडीच्या मागल्या अंगास ओझे अधिक झाले की जू वर उचलले जाई, जुपण्यांचा फास बैलांच्या गळ्यास बसू लागे, आणि गाडीवान ‘गाडी उलार झाली’ असे म्हणून पुढे जाण्याआधी पोती सरकवून घेई. मोटारीला गळा नसतो, म्हणून तिची तक्रार आपल्याला उशिरा कळते.

पहिला समज असा, की भरलेला डबा जड असल्यामुळे तो जागचा हलत नाही. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो आणि लोखंडी डब्याचे सुमारे चार, असे चोवीस किलोंचे ओझे सपाट रस्त्यावर खरोखरच शहाण्यासारखे बसून राहते. परंतु ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तोच डबा पुढे जाण्यासाठी सुमारे ३०० किलोंचा, म्हणजे तीन क्विंटल कापसाच्या भाराइतका, जोर लावतो. आणि त्याच्या वाटेत पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाची मान असते. जडपणा हा स्थिरतेचा जामीन आहे असे आपण मानतो, पण गती बदलताना जडपणा हाच मूळ अपराधी ठरतो.

दुसरा समज टपाविषयीचा आहे. आत जागा नाही, सबब डबे टपावरील कॅरिअरवर चढवावेत, ही तजवीज दिसायला सुटसुटीत आणि छायाचित्रात रुबाबदार असते; पण चार भरलेले डबे म्हणजे सुमारे ९६ किलो, एका धडधाकट माणसाहून अधिक वजन, गाडीच्या सर्वांत उंच जागी बसवणे होय. गाडीचा गुरुत्वमध्य त्यामुळे वर सरकतो, आणि घटांगच्या किंवा चिखलदऱ्याच्या घाटातील वळणावर, अथवा एक चाक नाल्यात व दुसरे दरडीवर अशा तिरप्या अवस्थेत, जी गाडी एरवी सावरली असती ती कलंडते. कॅरिअर टपाच्या पातळ पत्र्यावर किंवा पन्हळीवर टेकलेले असेल तर धक्क्यांनी तेही सैल होते. टपावर अंथरुणे, ताडपत्री, रिकामे डबे खुशाल ठेवावेत. भरलेला डबा नव्हे.

या बाबतीत हिंदुस्थानशी संबंध असलेला एक दाखला मला फार आवडतो. आपण ज्याला जेरीकॅन म्हणतो तो चपटा, तीन मुठींचा डबा जर्मनीत १९३७ च्या सुमारास लष्करासाठी तयार झाला. एका माणसाने दोन्ही हातांत दोन-दोन रिकामे डबे धरावेत, किंवा दोघांनी मिळून एक भरलेला उचलावा, अशी त्या तीन मुठींची योजना होती. दोन्ही बाजूंवरील फुलीच्या आकाराच्या खाचांमुळे पत्र्याला बळकटी येई आणि आतला द्रव उष्णतेने फुगला तर ताणायला वावही मिळे. १९३९ च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता आपल्या जर्मन सहकाऱ्यासह बर्लिनहून मोटारीने हिंदुस्थानात येण्यास निघाला, तेव्हा अडीअडचणीच्या पाण्याची सोय नाही हे ध्यानात येताच त्या सहकाऱ्याने टेम्पलहॉफ विमानतळावरील साठ्यातून असे तीन डबे उचलले, आणि ते टपावर नव्हे, मागच्या दारावरही नव्हे, तर गाडीच्या पोटाखाली बसवले. अकरा देशांच्या सीमा ओलांडून ती गाडी इकडे पोचली, अखेर कलकत्त्यास ठेवली गेली, आणि पुढे त्या डब्यांवरूनच अमेरिकेला या रचनेची ओळख झाली. इंग्रजांचे सैन्य त्या वेळी चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत होते. म्हणजे आपल्याकडे रॉकेल संपल्यावर कावडीला लावून पाणी भरायला घेत तसल्याच डब्यांतून. आफ्रिकेच्या वाळवंटात ते डबे इतके गळू लागले, की शत्रूचा डबा हाती लागणे ही त्या सैनिकांना मोठीच लूट वाटे.

टपावरून उतरलेला डबा बहुधा मागच्या दारावर, सुट्या चाकाच्या शेजारी जातो, आणि तेथे गाडीवानाचा शब्द पुन्हा आठवतो. दोन चाकांच्या आसांमधील अंतर अडीच मीटर धरले आणि मागच्या आसापासून एक मीटर मागे ५० किलोंचे दोन डबे टांगले, तर मागच्या आसावर ५० नव्हे, ७० किलोंचा भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा २० किलोंनी उतरतो. सुकाणू पुढच्या चाकांच्या हाती असल्याने चढणीवर नेमकी तीच चाके हलकी होतात. शिवाय दाराच्या बिजागऱ्या दाराचेच वजन पेलण्यासाठी घडवलेल्या असतात. आणि पेट्रोलचा डबा मागून येणाऱ्या वाहनाच्या धडकेसाठी सर्वांत पुढे करून ठेवणे हे तर मला केवळ अविचाराचे वाटते. जडात जड डबा दोन्ही आसांच्या दरम्यान, शक्य तितका खाली, गाडीच्या जमिनीला भिडवून ठेवावा.

आता बांधण्याविषयी. नायलॉनचा दोर दोनदा फिरवून गाठ मारली की काम झाले, किंवा दुचाकीवर डबा बांधण्याचा आकड्यांचा रबरी पट्टा पुरेसा आहे, अशी समजूत आहे. रबराचा गुणच ताणण्याचा असल्याने खड्ड्यागणिक डबा उचलला जातो आणि आपटतो. आणि वऱ्हाडातील पंचेचाळीस अंशांपुढचे ऊन सोसलेला दोर ज्या दिवशी तुटायचा त्याच दिवशी त्याची परीक्षा झालेली असते. डब्याचे बूड ज्यात घट्ट बसेल असा चारी बाजूंनी काठ असलेला लोखंडी साचा करावा, तो गाडीच्या पत्र्याला नव्हे तर शक्यतो चेसिसला नटबोल्टने आवळावा, आणि पत्र्यातच भोके पाडणे भाग असेल तर खालून रुंद पट्टी द्यावी. कारण लहान वॉशरवर आवळलेला बोल्ट धक्क्यासरशी पत्रा फाडून बाहेर येतो. वरून न ताणणारा रॅचेटचा पट्टा डब्याला खाली दाबून धरणारा असावा, आणि साच्यात रबराचा तुकडा घालावा, नाहीतर पत्र्यावर पत्रा घासून काही दिवसांनी डब्यालाच भोक पडते. एवढे करूनही कच्च्या रस्त्याचे पहिले दहा-पंधरा किलोमीटर झाले की उतरून पट्टा पुन्हा आवळावा. पहिल्या हिसक्यांत तो हमखास सैलावतो.

काठोकाठ भरलेला डबा हिंदकळत नाही, म्हणून तो काठोकाठ भरावा, हा समज पाण्यापुरता निम्मा खरा आहे. पाणी हिंदकळते ते अर्धवट डब्यात. तेव्हा एक डबा संपल्याशिवाय दुसरा उघडू नये आणि डावा-उजवा असा क्रम ठेवावा. पेट्रोलच्या बाबतीत मात्र हाच न्याय घातक आहे. पहाटे २५ अंशांना भरलेले वीस लिटर पेट्रोल उन्हात तापून ६० अंशांवर गेले तर ते अर्ध्या लिटरहून अधिक फुगते, आणि जागा न ठेवल्यास झाकणातून वाट काढते. त्याची वाफ हवेहून तीन-चारपट जड असल्याने ती वर उडून न जाता गाडीच्या जमिनीशी साचते; म्हणून बंद गाडीच्या आत, माणसांच्या सोबत, पेट्रोलचा डबा कधीही नसावा. पाण्याचा डबा आत आणि पेट्रोलचा बाहेर, हे पथ्य येथूनच येते.

राहिला प्लास्टिकचा मामला. तेलाचा रिकामा कॅन पेट्रोलला चालतो, आणि पेट्रोलचा डबा चांगला धुतला की पाण्यालाही चालतो, असे म्हणणारे भेटतात. दुसरे तर सरळच त्याज्य आहे; तो वास आणि ते अंश धुऊन जात नाहीत. पहिल्याविषयी १९३४ चा पेट्रोलियम कायदा स्पष्ट बोलतो: विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून ३० लिटरपर्यंत बाळगण्याची मुभा आहे, नोंदलेल्या मोटारीच्या मालकास त्याहून अधिक, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या पात्रात असावे आणि असे पात्र २५ लिटरहून मोठे नसावे. काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यास एक लिटरची मर्यादा आहे. प्लास्टिकचे तेथे नावही नाही. डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड डब्याच्या धातूला टेकलेले असावे, म्हणजे घर्षणाने साठलेली वीज ठिणगी न होता जमिनीत जाते.

इतके सांगून झाल्यावर, अमरावतीच्या प्रवाशाला पेट्रोलचा डबा मुळात लागतो कशाला, हा प्रश्न मी विचारतो. चिखलदऱ्यास जाऊन परत येणे म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि जिप्सीची टाकी ४० लिटरची. घाटात लिटरला आठ किलोमीटर पडले तरी टाकी निम्म्याहून थोडीच अधिक रिकामी होते. उन्हाळ्यात कोरड्या सागवानाच्या जंगलात तो डबा न नेणेच बरे. पाण्याचे मात्र दोन डबे न्यावेत, खाली, आसांच्या मध्ये, आवळून. सेमाडोहच्या पुढे एखाद्याचा रेडिएटर उकळत उभा असतोच.